पकडीचा गडी हरिबा

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या तरुणांनी नवा हुतूतू-संघ काढण्याचे ठरविले आणि त्याची जाहीर नोटीस लिहून घेण्यासाठी ते माझ्याकडे आले. चिंचवड स्टेशनासमोर टपाल कचेरीच्या ओट्यावर माझे मेज असते. हवेली तालुक्यात सरकारदरबारी जाणारा महत्त्वाचा कागद माझ्या नजरेखालून गेल्याखेरीज पुढे सरकत नाही, असे लोक म्हणतात. मी ते म्हणणे योग्य नव्हे. शिवाय गावच्या जुन्या संघाचा मी चिटणीस होतो. तेव्हा नोटीस माझ्याच हातची असावी, हे रास्तच होते. मी टाक बुडवला आणि मजकूर विचारला. "लिवा अण्णा," त्यांच्यातला पुढारी म्हणाला, "चपळ, दमदार, चढाईचे गडी पाहिजेत." मी तसे लिहिले आणि विचारले, "आणि धरायला कोण?"

"धरायला काय? सगळेच धरतील की!"

ते हसले. मी टाक खाली ठेवला. त्या पोरांचा दोष नव्हता. त्यांनी हरिबा परटाला पाहिलेले नव्हते. परंतु ज्यांनी त्याला डोळ्यांदेखत पाहिले, त्या शहाण्यासुरत्या माणसांनीही नेमके हेच वाक्य उच्चारले होते. त्या वाक्याने एका माणसाचे गाव सुटले. म्हणून हे चार शब्द लिहितो.

हरिबा उंचीने बेताचा, छातीने बसका आणि पायांनी काटकुळा होता. मनगटे मात्र दुसऱ्याच कोणाची तरी आणून त्याला बसवल्यासारखी. पवनेच्या घाटावर जी सोलापुरी चादर पिळायला दोन बायका दोन टोकांना उभ्या राहत, ती तो एकटा पिळी, आणि पिळून झाली की तिच्यातून थेंब गळत नसे. बोलताना ऐकणाऱ्याचे मनगट दोन बोटांत धरून ठेवण्याची त्याला खोड होती. आपले म्हणणे संपेपर्यंत तो ते सोडीत नसे. आणि त्याचे म्हणणे सहसा गोड नसे. गावात कोणी नवा सदरा घालून मिरवू लागला, की हा म्हणे, "बगू, दोन धुण्यांनंतर बी असाच चालतोस का." त्याच्या जिभेला लोक भीत आणि त्याच्यामागे त्याला नावे ठेवीत. आपली किंमत त्याला पुरती ठाऊक होती आणि ती तो बोलून दाखवी. गरिबाने आपली किंमत सांगितलेली कोणाला आवडते?

मैदानात मात्र तो मुका होई. आपल्या बाजूच्या डाव्या कोपऱ्यात, गुडघ्यांवर हात टेकून, वाकून उभा राही. समोरचा गडी 'हुतूतू, हुतूतू' असा दम घुमवीत आत शिरला, की बाकीचे सहाजण त्याच्या तोंडाकडे आणि हातांकडे पाहत मागे सरत. हरिबाची नजर फक्त त्याच्या पायांवर. मी एकदा कारण विचारले. तो म्हणाला, "तोंडाकडं बगून काय करायचंय, अण्णा? तोंड सगळ्यांचंच खोटं बोलतं. पाऊल बोलंल त्ये खरं."

दुसरी एक गोष्ट तो नेहमी सांगे, आणि ती मला आजही पटते. चढाईला गेलेल्या गड्याचा दम सगळ्या मैदानाला ऐकू येतो. त्यावर लोक टाळ्या पिटतात. "धरनाऱ्याला बी दम कोंडूनच धरावं लागतं," हरिबा म्हणे. "पर त्यो आतल्या आत. त्याचा आवाज कुनाला येतोय?"

ज्यांनी हा खेळ नीट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी खुलासा करतो. चढाईचा गडी पलीकडे जाऊन एखाद्याला शिवून दम न तोडता परत आला, तर शिवलेला मेला. तो बाहेर बसतो. पण आत शिरलेल्याला धरून ठेवले आणि त्याचा दम तेथेच तुटला, तर तो मेला, आणि त्याच्या बदल्यात आपला बाहेर बसलेला एक गडी जिवंत होऊन आत येतो. आमच्या संघाचा मोहरा होता दौलत, पाटलांचा धाकटा मुलगा. रुबाबदार पोरगा, चढाईला निघाला की बायकासुद्धा कुडाआडून डोकावत. तो दोघांना मारी आणि तिसऱ्याच्या लोभाने मरे. मग बाहेर बसून डोक्यावरची माती झटकी. तो पुन्हा आत येई, तो हरिबाने कोणाचा तरी घोटा धरला म्हणून. पुन्हा चढाई, पुन्हा टाळ्या. हा हिशेब मी चिटणीस या नात्याने बैठकीत अनेकवार मांडला. संघ बांधताना पहिला माणूस धरणारा घ्यावा, मारणारे मागाहून मिळतात. कारण मारणारा आपल्यापुरता जिंकतो आणि धरणारा बाकीच्या सहाजणांना खेळात ठेवतो. सभासद माना डोलवीत आणि हार दौलतसाठीच आणीत.

दिघीच्या जत्रेतला सामना आम्ही जिंकलो तेव्हाचा प्रसंग गावात पुष्कळ दिवस चघळला गेला. त्या दिवशी दौलत तीन वेळा मेला आणि तिन्ही वेळा हरिबाने त्याला उठवला. रात्री विजयी संघ वाजतगाजत वेशीवर आला. पाटील पुढे झाले. "हरिबा," त्यांनी हाक दिली, "दौलतच्या पायाखाली पायघड्या घाल बाबा. तुझा मान हाय."

लग्नात नवरदेवाच्या पायाखाली धुतलेली वस्त्रे अंथरणे हा परटाचा मान, हे खरे. पण हरिबा त्या दिवशी परीट म्हणून दिघीला गेला नव्हता. त्याच्या कोपरांची सालटी निघालेली होती, खालचा ओठ सुजला होता. तो घरी गेला, चार धुवट धोतरे आणली आणि वेशीपासून मारुतीच्या पारापर्यंत एकापुढे एक नीट अंथरली. दौलतने पाऊल उचलले, तोच हरिबा आपल्या चिखलाच्या पायांनी त्या धोतरांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला. वाजंत्री थांबली. पाराशी पोहोचून तो वळला.

"आता या दौलतराव," तो म्हणाला. "मळल्याली बगू नका. धुवायची मलाच हायेत."

काही जण हसले. दौलतही हसला, पोरगा मनाचा वाईट नव्हता. पाटील हसले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "लई मोठा झालास रे, हरिबा." आणि पागोटे सावरीत घरात गेले.

त्यानंतर वर्षभराने पिंपरीकडच्या माळावर कारखाने उभे राहू लागले. आमच्या शिवारातल्या जमिनी गेल्या. ज्यांच्या गेल्या त्यांचे अर्ज, तकरारी, मोबदल्याच्या मागण्या माझ्याच हातच्या. त्याचे श्रेय मी घेत नाही. जमीनवाल्यांना काही ना काही मिळाले. परंतु ज्याची जमीनच नव्हती त्याचे काय गेले, हे विचारणारे कलम कोणत्याही कायद्यात मला सापडले नाही. हरिबाचे पोट बलुत्यावर होते. गावाने वर्षभर कपडे त्याच्याकडून धुवून घ्यायचे आणि सुगीला खळ्यावर त्याला धान्य घालायचे, असा वाडवडिलांपासूनचा करार. आता खळीच राहिली नाहीत. त्या सुगीला हरिबा जुन्या सवयीने पोते घेऊन निघाला आणि पाटलांच्या खळ्याच्या जागी तारेचे कुंपण पाहून परत आला.

"कुनी न्हाई म्हनलं न्हाई, अण्णा," माझ्या मेजाशी बसून तो म्हणाला. "न्हाई म्हनायला तितं हुतंच कोन?"

त्याला बायको होती, दोन लहान मुली होत्या. एका कारखान्याने आपला हुतूतू-संघ काढला होता आणि संघात घेतलेल्या गड्याला कायमची नोकरी मिळे. हरिबाला शिकलेल्या माणसाची नोकरी मिळण्यासारखी नव्हती आणि ओझी उचलायला धिप्पाड माणसांची रांग लागलेली होती. त्याला आत शिरायला ही एकच वाट होती, आणि ही वाट चुकली तर गाव सोडायचे, हे त्याने मला त्याच वेळी सांगितले. मी अर्ज लिहायला घेतला.

"काय लिहू? तुला काय येते?"

"धरता येतं."

"काय धरता येते?"

"यील त्याला."

मी त्याचे योग्य भाषेत रूपांतर केले. सदर अर्जदार हुतूतू या देशी खेळात प्रतिस्पर्ध्यास रोखण्याच्या कामी असामान्य प्रवीण असून, वगैरे. अर्ज उत्तम झाला होता. मजूर-अधिकारी साहेबांनी तो वाचला की नाही, देव जाणे. निवड मैदानावर होणार, असा निरोप आला.

साहेब पुण्याचे, गोरेगोमटे, कॉलेजात क्रिकेट खेळलेले. त्यांनी आमच्या गावात येऊन गड्यांचा खेळ पाहायचे ठरले. आदल्या संध्याकाळी पारावर बैठक झाली आणि तेथे पाटलांनी सूचना मांडली. साहेब नवखा आहे, त्याला चढाईतलेच कळणार, तेव्हा उद्या प्रत्येक गड्याने एकेक चढाई करावी, म्हणजे सगळ्यांचेच भले होईल. सगळ्यांना ते पटले. आपल्या गावचे जास्तीत जास्त लोक नोकरीला लागावेत, यात वाईट काय? पाटलांच्या मनात दिघीचा दिवस होता की नव्हता, हे मी शपथेवर सांगू शकणार नाही.

हरिबा उभा राहिला. "मी उभ्या जल्मात चढाई केल्याली न्हाई, पाटील. माजी पकड दावा की सायबाला."

"आरं, धरायला काय, सगळेच धरतात," पाटील म्हणाले. "त्यात सायबाला तू कुठनं दिसनार? ढिगाऱ्याखाली? पोरं तुजंच भलं बगत्यात."

"व्हय हरिबा, एक डाव जाऊन ये," दौलत म्हणाला. "कुनाला शिवू नगंस. नुसता दम घुमवून माघारी ये. आमी तिकडची मानसं मागं सरवतो."

खरोखरच त्याच्या भल्यासाठी बोलत होते ते. हरिबाने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो की अर्जात रोखण्याचेच कौशल्य नमूद आहे, त्याला हे विसंगत होईल. कोणी लक्ष दिले नाही.

दुसऱ्या दिवशी गावाचेच दोन भाग करून खेळ झाला. दौलतने आपला रुबाब दाखवला. इतरांनी आळीपाळीने चढाया केल्या. पलीकडचे ठरल्याप्रमाणे मागे सरले आणि टाळ्या पडल्या. सगळेच चढाई करायला उतावीळ आणि धरायचे कोणी मनावर घेत नव्हते, त्यामुळे हरिबाच्या कोपऱ्यात कोणी शिरलेच नाही. मग त्याची पाळी आली. तो मधल्या रेघेशी गेला. ज्या माणसाने आयुष्यभर तोंड मिटून दम कोंडला, त्याला तो दम मोठ्याने घुमवायचा होता, आणि तोही ज्यांचे कपडे तो धुतो त्या साऱ्या गावासमोर. त्याने 'हुतू' म्हटले. आवाज चिरका निघाला. कोणीतरी पोर फिसकन हसले. तो दोन पावले आत गेला, पुन्हा सुरुवात केली आणि ठसका लागून त्याचा दम तुटला. धरायला कोणी आलेच नव्हते. तो एकटाच, कोणाचा हात न लागता, मैदानाच्या मध्यावर मेला.

हसण्याचा कल्लोळ उठला. साहेबही हसले, पण सभ्यपणाने, रुमाल तोंडाशी धरून. दौलतसह पाचजण निवडले गेले. पाचही चढाईचे.

हरिबाने त्या संध्याकाळी माझे मनगट धरले नाही. लांबूनच म्हणाला, "पाय बगत ऱ्हायलो असतो तर बरं झालं असतं. मी लोकांची तोंडं बगितली."

पुढे जे व्हायचे तेच झाले. कारखान्याचा संघ म्हणजे चढाईच्या गड्यांची खोगीरभरती. पहिल्या सामन्यात दौलतने दोघांना मारले, तिसऱ्याच्या लोभाने मेला आणि सामना संपेपर्यंत बाहेर बसून राहिला. त्याच्या शेजारी एकेक करून सगळा संघ येऊन बसला. दुसरा सामना तसाच, तिसरा तसाच. कारखान्याचे मोठे मालक पाहायला आलेले असताना संघावर लोण चढले. एकही गडी जिवंत उरला नाही. तेव्हा दौलतनेच साहेबांना सांगितले, "साहेब, आम्हाला उठवणारा गावात राहिलाय."

साहेबांची मोटार गावात आली. मी मुद्दाम तेथे हजर राहिलो. बोलावणे गेल्यावर हरिबा घाटावरून अर्ध्या तासाने आला.

"रविवारी चाकणला सामना आहे," साहेब म्हणाले. "तिकडचा एक यशवंता म्हणून फार जबरदस्त गडी आहे. तू खेळशील?"

"आदी नोकरी सांगा."

पाटील म्हणाले, "आरं, सायेब सोता आलंय दाराशी!"

"नोकरी बी दाराशीच येऊ द्या की मंग."

साहेब हसले. "सामना जिंका. तुझी नोकरी माझ्याकडे लागली." हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले. ते कागदावर घ्यावेत, असे मी सुचविले. साहेब मोटारीत जाऊन बसले.

चाकणचा तो सामना मी माझ्या हयातीत विसरणार नाही. यशवंता हा तरणाबांड, सापासारखा लवचिक. त्याने पहिल्या दोन चढायांत आमची निम्मी माणसे बाहेर बसवली. दौलत त्यांच्यात होताच. तिसऱ्या वेळी यशवंता हरिबाच्या कोपऱ्याकडे वळला. हरिबा जागचा हलला नाही. यशवंताचा डावा पाय पुढे आला, टेकला, आणि परत उचलला गेला नाही. हरिबा पोटावर आडवा पडला होता आणि त्याची दोन्ही मनगटे त्या घोट्याभोवती होती. यशवंताने दुसऱ्या पायाने त्याच्या खांद्यावर, मानेवर लाथा घातल्या. दम घुमत होता, बारीक होत होता, तुटला. त्याच्या गड्यांनी उठवल्यावर तो पुन्हा आला, तर दुसऱ्यांदा तसेच. तिसऱ्यांदा यशवंता त्याला टाळून उजवीकडून निघाला होता, तर हरिबा तेथे आधीच येऊन पडलेला. बाकीचे येऊन अंगावर पडले ते दम तुटल्यानंतर, गुलाल उधळायला आल्यासारखे. एकेक करून आमची माणसे उठली. शेवटी दौलत उठला, त्याने शेवटची चढाई केली, दोघांना मारले आणि या खेपेस तिसऱ्याचा लोभ धरला नाही. आम्ही जिंकलो. दौलतला खांद्यावर घेतले. हरिबा पाण्याच्या रांजणाशी जाऊन तोंडातले रक्त धूत होता.

साहेब आनंदाने लाल झाले होते. "केवढा जोर हो त्या यशवंताचा!" ते म्हणाले. "तीन वेळा त्याला धरताना आपली काय दमछाक झाली! हा गडी आपल्याकडे हवा."

मी पुढे झालो. "साहेब, त्याला धरणारा एकटा हरिबा होता."

"एकट्याने कोणी कोणाला धरत नाही, अण्णा. हा सांघिक खेळ आहे."

दौलतने मारले की ते दौलतचे. हरिबाने धरले की ते संघाचे. ही वाटणी कोणत्या न्यायाने होते, हे मी त्यांना विचारले. ते तोवर यशवंताच्या पाठीवर थाप मारायला निघून गेले होते.

त्या वेळी संघात एकच जागा रिकामी होती. ती यशवंताला मिळाली. हरिबाला जितक्या जोराने त्याला धरावे लागले, तितका यशवंता मोठा ठरला. हरिबाने सहज धरला असता, तर कदाचित दोघांनाही कोणी विचारले नसते. हरिबा कारखान्याच्या फाटकावर दोनदा जाऊन आला. पहिल्यांदा साहेब गावी नव्हते. दुसऱ्यांदा पहारेकऱ्याबरोबर निरोप आला, की शब्द पुढच्या भरतीचा होता. यशवंता मात्र भला माणूस निघाला. आपल्याबरोबर त्यालाही घ्या, असे त्याने साहेबांना विनवले. साहेबांनी त्याच्या खिलाडूवृत्तीचे कौतुक केले.

त्यानंतरच्या वैशाखात, खेडकडे मेहुण्याच्या गावी अजून खळी होत आणि परटाला धान्य मिळे म्हणून, हरिबाने गाव सोडले. कोणी पोचवायला गेले नाही. बहुतेकांची कारखान्यात पहिली पाळी होती. मी एका खरेदीखताच्या कामासाठी सकाळी भोसरीला निघालो होतो. नाशिक रस्त्यावर पुढे त्याचे बिऱ्हाड दिसले, म्हणून पाय उचलून मी त्यांना गाठले. गाढवावर भट्टीचे तांब्याचे भांडे आणि गाठोडी, वर धाकटी मुलगी, मागे बायको आणि थोरली.

समोरून, चाकणकडून, एक सायकल घंटा वाजवीत आली. यशवंता होता, कारखान्याच्या खाकी कपड्यांत. तो उतरला आणि सायकल फिरवून हरिबाबरोबर चालू लागला.

"निघालात व्हय? मला कुनी सांगितलं न्हाई."

"तुला कशाला सांगतील?"

 मग यशवंता म्हणाला, "हरिबादादा, एक सांगा. मला तीनदा कसं धरलंत? आजवर मी कुनाच्या हाताला लागलो न्हाई. माजं काय चुकतं?"

"सायबाला इचार. त्यो म्हनला, समद्यांनी मिळून धरलं."

"सायबाचं ऱ्हाऊ द्या. कुनी धरलं त्ये माज्या पायाला ठावं हाय."

हरिबा थांबला. त्याने यशवंताकडे पाहिले. पायांकडे नव्हे, तोंडाकडे.

"तुला ठावं हाय, तेवढं बरं झालं," तो म्हणाला. "पर सांगायचो न्हाई मी. त्ये बी देऊन टाकलं तर खेडाला काय घेऊन जाऊ? म्होरं कवा गाठ पडली तर परत ये अंगावर. परत धरीन."

त्याने गाढवाला चुचकारले. यशवंता सायकलची मूठ धरून रस्त्यात उभा राहिला. त्याला आणखी काही बोलायचे असावे. पण ऊन वर आले होते, पाळीची वेळ होत आली होती, आणि फाटक बंद होण्याच्या आत त्याला आत पोहोचायला हवे होते. त्याने सायकल वळवली.